बासष्ट लाख ठिपक्यांचा हिशेब

माझ्या थोरल्या काकांनी अठ्ठावीस वर्षं ट्रक चालवला. पिंपळगाव बसवंतला कांदा भरायचा आणि वाशीला खाली करायचा, हा मुख्य धंदा. गुडघ्यांनी दगा दिला तशी गाडी सोडली, पण आडगावच्या ट्रक टर्मिनसवर अजून आठवड्यातून एकदा तरी चहाला जातात. गेल्या पावसाळ्यात ते आमच्याकडे नाशिकच्या इंदिरानगरला राहायला आले होते. मी हौसेने त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं, युरो ट्रक सिम्युलेटर २ हा ट्रक चालवायचा गेम लावून दिला आणि स्टिअरिंग हातात दिलं. काकांनी खुर्ची पुढेमागे केली, स्टिअरिंग दोनदा गरगरा फिरवून पाहिलं आणि गाडी काढायच्या आधी सवयीने मान डावीकडे वळवली. तिथे भिंतीवर सोसायटीच्या पाण्याचं वेळापत्रक चिकटवलेलं होतं.

"आरसा कुठाय रे?"

"काका, बटण दाबलं की कोपऱ्यात छोटा आरसा येतो."

"बटण दाबून आरसा बघायचा? तोवर मागचा स्कूटरवाला गेला ना चाकाखाली."

पाच मिनिटांत ते उठले. मला मात्र ते वाक्य चिकटलं. दोन वर्षं मी हा गेम एका पडद्यावर खेळत होतो आणि वळताना आपण बाजूला बघतच नाही, हे मला कधी खटकलं नव्हतं. तीन मॉनिटरचं खूळ डोक्यात शिरलं ते असं.

सुरुवात फुकटात झाली. मेव्हण्याचा टॅलीचा क्लास बंद पडला होता आणि त्याच्याकडे २४ इंची दोन जुने मॉनिटर धूळ खात होते. माझा एक आणि हे दोन, झाले तीन. चित्र काढणारं ग्राफिक्स कार्ड होतं जीटीएक्स १६६० सुपर, २०१९चं, ६ जीबी मेमरीचं. त्याला मागे तीन तोंडं होती: एक डिस्प्लेपोर्ट, एक एचडीएमआय, एक डीव्हीआय. मॉनिटर तीन आणि तोंडंही तीन, म्हणजे जमलंच, असं मला वाटलं. मेव्हण्याच्या मॉनिटरांना फक्त व्हीजीए आहे हे मी घरी आणून पालथे केल्यावर पाहिलं.

एम. जी. रोडवरच्या एका दुकानात डीव्हीआयचं व्हीजीए करणारा जोड मागितला. दुकानदाराने डबा उपसून दीडशे रुपयांना एक दिला. घरी आलो तर तो कार्डात शिरेचना. टॉर्च लावून पाहिलं तेव्हा कळलं. जोडाच्या आडव्या चपट्या पिनेभोवती चार बारीक पिना होत्या आणि कार्डाच्या खाचेत त्यांच्यासाठी भोकंच नव्हती. त्या चार पिनांमधून जुना अ‍ॅनालॉग सिग्नल जातो. माझ्या कार्डाचं तोंड डीव्हीआय-डी, म्हणजे निव्वळ डिजिटल. चारही पिना पकडीने मोडून जोड आत बसवता आला असता, पण आतून सिग्नलच येत नाही म्हटल्यावर चित्र कुठून येणार? व्हीजीए मॉनिटरला असल्या कार्डावर चालवायचं तर चिप असलेला, डिजिटलचं अ‍ॅनालॉग करणारा कन्व्हर्टर लागतो. तसे दोन मागवले. फुकटच्या मॉनिटरांवर अकराशे रुपये गेले.

पण एका रविवारी तिन्ही पडदे एकदम पेटले. डावा पिवळसर, उजवा निळसर, दोन्ही जरा धुरकट. तरी ट्रकच्या केबिनमध्ये बसल्यावर डावीकडे मान वळवली आणि खिडकीबाहेर आरसा दिसला, त्यात मागचा ट्रेलर. मी दोनदा मान वळवून पाहिलं. बायको दारात उभी राहून म्हणाली, "मुंबई नाक्याचं सिग्नल कंट्रोल रूम दिसतंय."

गाडी मात्र चालेना. एका पडद्यावर सेकंदाला ७०-७५ फ्रेम, म्हणजे चित्रं, देणारं कार्ड तीन पडद्यांवर २५च्या खाली लडखडायला लागलं. मोठ्या शहरात शिरलं की चित्र अडखळत पुढे जायचं. म्हणजे कार्ड बदलायला हवं, एवढं ठरलं. नवं कार्ड कोणतं, याचा शोध पुढे दोन महिने चालला.

मी अंबडला एका कारखान्यात क्वालिटीमध्ये आहे. मोजमाप हे रोजचं काम, त्यामुळे आधी वही काढली. १९२० गुणिले १०८०चा एक पडदा म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके, म्हणजे पिक्सेल. तीन पडदे शेजारी म्हणजे ५७६० गुणिले १०८०, एकूण ६२ लाख २० हजार ८००. फोर-केचा एक पडदा ८२ लाख ९४ हजार ४०० ठिपक्यांचा असतो. म्हणजे माझे तीन पडदे मिळून फोर-केच्या बरोबर पाऊण. हा पाऊण मला फार उपयोगी पडला, कारण तीन मॉनिटरवरच्या चाचण्या फारशी मंडळी घेत नाहीत, फोर-केवरच्या मात्र पोत्याने सापडतात. एखादं कार्ड फोर-केला ४५ फ्रेम देत असेल तर माझ्याकडे ते साठीच्या आसपास जायला हवं, असा साधा त्रैराशिकाचा हिशेब.

तो अर्धाच खरा निघाला, ते पुढे येईल.

मधे एक मोह आला. कॉलेज रोडच्या एका शोरूममध्ये २७ इंची, २५६० गुणिले १४४०चे मॉनिटर ओळीने लावले होते आणि चित्र असं की माझे पडदे धुतलेल्या धोतरासारखे वाटायला लागले. विक्रेता म्हणाला, "सर, आता घेताय तर हेच घ्या, परत परत घेणं होत नाही." वाक्य मनाला पटलं. तिथेच मोबाइलवर गुणाकार केला: असे तीन म्हणजे १ कोटी १० लाख ५९ हजार २०० ठिपके. फोर-केच्याही वर तिसरा हिस्सा. मॉनिटरमागे दुप्पट पैसे आणि वर ते ठिपके रंगवायला सत्तर हजारांच्या पुढचं कार्ड, त्याला पुरेल असा पॉवर सप्लाय. मॉनिटर एकदाच घेतला तरी त्याला खाऊ घालणं दर तीन वर्षांनी येणार होतं. मी हात जोडून बाहेर पडलो.

१०८०चेच पण तिन्ही एकसारखे घ्यायचे, हे ठरलं. वेगवेगळे मॉनिटर चालतात, पण रंग जुळवता जुळवता माणूस म्हातारा होतो. शिवाय एक ६० हर्ट्झचा (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा) आणि एक १४४चा असला तर काहीच चालू नसतानाही कार्डाची मेमरी पूर्ण वेगाने पळत राहते, खाली उतरत नाही, असं बऱ्याच कार्डांवर घडतं. नुसत्या डेस्कटॉपवर पंखा फिरत राहिला तर बिल मलाच भरायचं आहे.

बरं, हे तीन पडद्यांचं प्रकरण काही नवं नाही. ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एएमडीने २००९ साली एचडी ५००० मालिकेच्या कार्डांबरोबर अनेक पडद्यांचा एक करणारं आयफिनिटी आणलं तेव्हा मी बारावीत होतो आणि त्याच्या जाहिरातीतलं चित्र वहीच्या आतल्या पानावर चिकटवलं होतं. तेव्हा एक गंमत होती. डीव्हीआय आणि एचडीएमआयला लागणारी, सिग्नलचा ताल धरणारी घड्याळं कार्डात दोनच असायची, म्हणून तिसरा मॉनिटर डिस्प्लेपोर्टवरच जोडावा लागे आणि मॉनिटरला ते नसेल तर महागडा अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर. एएमडीच्या स्पर्धक एनव्हिडियाने पुढच्या वर्षी तसंच सराउंड आणलं, त्याला सुरुवातीला दोन-दोन कार्डं लागायची. त्यांच्या एका चिपच्या कार्डावर तीन पडदे २०१२च्या जीटीएक्स ६८०पासून शक्य झाले. आज पंचवीस-तीस हजारांचं कार्डही तीन पडदे जोडून घेतं. जोडून घेणं आणि ओढणं यात फरक आहे एवढंच.

आता कार्डं. दसऱ्याच्या आधी माझ्या वहीत चार नावं उरली होती आणि वर लिहिलं होतं: पंचावन्न हजार, बोनसमधून, जास्तीत जास्त.

आरटीएक्स ५०७० सगळ्यात देखणं. १२ जीबी मेमरी, २५० वॉट. पण बजेटच्या काठावर, आणि त्याला ६५० वॉटचा पॉवर सप्लाय सांगतात. माझा ५५०चा. म्हणजे आणखी सहा-सात हजार. आरएक्स ९०७०ला १६ जीबी आणि मेमरीकडे जायची २५६ बिटची रुंद वाट, हे खरं तर तीन पडद्यांसाठी जास्त योग्य. पण ते साठीच्या घरात आणि पॉवर सप्लायचं रडगाणं तेच. खालच्या पायरीवर आरटीएक्स ५०६० टीआय, १६ जीबीचं. त्याचंच ८ जीबीचं भावंड मी मोजलंच नाही. पाऊण फोर-के चित्र आणि वर गेमच्या वर्कशॉपमधून उतरवलेले ट्रकचे मोड, म्हणजे खेळाडूंनी केलेली जादा भर, एवढं आठ जीबीत कोंबायचं म्हणजे दिवाळीची बॅग एसटीच्या रॅकवर कोंबणं. १६ जीबीवालं १८० वॉटचं, माझ्या पॉवर सप्लायला झेपणारं. पण त्यात एक मेख. ते मदरबोर्डाशी आठच लेनने, म्हणजे आठच डेटा-वाटांनी, बोलतं. नव्या बोर्डावर फरक पडत नाही, कारण नव्या लेन वेगवान. माझा बी४५० बोर्ड, या लेनच्या जुन्या पिढीचा, पीसीआयई ३.०चा. त्यावर आठ लेन म्हणजे चौपदरी रस्त्यावर दोन पदर खोदून ठेवलेले.

चौथं आरएक्स ९०६० एक्सटी, १६ जीबी. १६० वॉट, एकच आठ-पिनी वायर, आणि सोळा लेन. जुन्या बोर्डाला हे सोयीचं. वाट १२८ बिटचीच, मेमरीचा वेग सेकंदाला ३२० जीबी. ५०६० टीआयचा ४४८. म्हणजे इथेही फुकट काही नाही. आणि मागे तोंडं तीनच: दोन डिस्प्लेपोर्ट, एक एचडीएमआय. बाकीच्यांना चार. तीन मॉनिटर लागले की कार्ड भरलं, हॉलमधल्या टीव्हीला वायर नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण चार कार्डांची तुलना करताना पहिले तीन आठवडे मी फ्रेम मोजल्या आणि तोंडं कोणी मोजायची हे विसरलो. डीव्हीआयचा तो दीडशे रुपयांचा जोड अजून ड्रॉवरमध्ये असूनही.

घटस्थापनेला, म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ला जीएसटीचे नवे दर लागू झाले तेव्हा ऑफिसमध्ये सगळे म्हणाले, थांबलास ते बरं केलंस. ३२ इंचांपेक्षा मोठे टीव्ही आणि मॉनिटर २८ टक्क्यांवरून १८वर आले. माझे २४ इंची आधीपासूनच १८मध्ये, ग्राफिक्स कार्डही १८मध्ये. माझ्या वाट्याला फक्त अभिनंदन आलं.

निर्णय झाला तो या तुलनेने नाही. पाथर्डी फाट्याला राहणाऱ्या मित्राकडे आरटीएक्स ४०७० सुपर आहे. तो म्हणाला, "रविवारी माझं कार्ड काढून ने, लावून बघ. नुसतं वाचत काय बसलायस?" हे मला आधी सुचायला हवं होतं. कार्ड टॉवेलमध्ये गुंडाळून, हेल्मेटच्या पिशवीत घालून स्कूटरवरून आणलं. २२० वॉटचं कार्ड, ५५० वॉटचा सप्लाय, एका दुपारपुरतं चालून गेलं.

हायवेवर गाडी अशी पळाली की मी हसायलाच लागलो. नव्वद फ्रेम. मग पॅरिसमध्ये शिरलो आणि आकडा उतरत उतरत ४१वर आला. सेटिंग कमी केली, ४२. आणखी कमी केली, तरी ४२. मग कार्डावरचा भार बघितला: ४८ टक्के. पन्नास-साठ हजारांचं कार्ड अर्धं रिकामं बसलेलं. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर बघितला तर तोही ३० टक्के. दोघंही निवांत आणि काम अडलेलं, हे चित्र मला सरकारी टेबलांवरून ओळखीचं होतं. प्रोसेसरच्या आलेखावर राइट क्लिक करून एकेका धाग्याचा (थ्रेडचा, म्हणजे प्रोसेसरमधल्या कामाच्या एकेका रांगेचा) आलेख वेगळा काढला तेव्हा चोर सापडला. बारापैकी एक धागा छताला टेकलेला, बाकी अकरा गप्पा मारत बसलेले. सरासरी काढली की ३० टक्के.

कारण नंतर उमगलं, आणि त्यात काकांचा आरसा होता. फोर-केला ठिपके वाढतात, पण दृश्य तेवढंच राहतं. रस्त्यावर जितक्या गाड्या आधी दिसत होत्या तितक्याच दिसतात. तीन पडद्यांवर दृश्यच रुंदावतं. डावीकडची इमारत, उजवीकडचा पंप, जे आधी चौकटीबाहेर म्हणून काढावंच लागत नव्हतं ते सगळं आता काढायचं. शिवाय हा गेम नीट मांडला तर तीन पडद्यांसाठी तीन वेगळे कॅमेरे धरतो आणि प्रत्येकासाठी काय काय काढायचं याची यादी प्रोसेसर कार्डाला देतो. आणि आरसा? आरसा म्हणजे मागे तोंड करून तेच जग पुन्हा एकदा काढणं. ट्रकला आरसे एक-दोन नसतात. एका पडद्यावर खेळताना बहुतेक आरसे दिसतच नव्हते. ज्यासाठी हा खटाटोप मांडला, तोच आरसा माझ्या २०१९च्या रायझन ५ ३६०० प्रोसेसरच्या मानेवर बसला होता. माझं त्रैराशिक इथे पडलं: पाऊण फोर-के हा कार्डाचा हिशेब, प्रोसेसरचा नव्हे.

आरशांची सेटिंग एक पायरी खाली आणली. पॅरिसमध्ये लगेच सहा फ्रेम वाढल्या. कार्ड तेच.

त्या संध्याकाळी मित्राचं कार्ड परत देताना मी वहीतल्या वरच्या दोन नावांवर काट मारली. ५०७० घेतलं असतं तर पॅरिसमध्ये तेच ४१ मिळाले असते, फक्त जास्त पैसे देऊन. पंचावन्न हजार आता दोन ठिकाणी वाटायचे होते. अडतीसच्या आसपास ९०६० एक्सटी आणि उरलेल्यात, वर दोन-तीन टाकून, रायझन ७ ५७००एक्स३डी. हा प्रोसेसर माझ्याच बोर्डात बसतो आणि त्याला ९६ एमबीची एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या पोटातली झटपट मेमरी, आहे, ३६००च्या तिप्पट. एकाच धाग्यावर रखडणाऱ्या अशा गेमला त्या कॅशचा भरपूर फायदा होतो. मित्राला पटलं नाही. तो म्हणाला, "कार्ड मोठं घे, प्रोसेसर नंतर बघता येईल." त्याचं म्हणणं चुकीचं नाही, तो नेमबाजीचे गेम खेळतो, एका पडद्यावर. आयरेसिंगसारखा रेसिंगचा गेम खेळणारा असता तर मीही एनव्हिडियाकडे वळलो असतो, कारण तीन कोनांतली तीन चित्रं एका फेरीत काढायची त्यांची सोय तो गेम वापरतो. मला ट्रक चालवायचा होता, मधूनअधून असेटो कोर्सा या कारच्या गेमच्या दोन फेऱ्या.

५७००एक्स३डी नाशकात मिळेना. दोन ठिकाणी "आता येत नाही" आणि एका ठिकाणी "त्यापेक्षा नवीन बोर्डच घ्या ना" असं उत्तर मिळालं. शेवटी एका शनिवारी सकाळची पंचवटी पकडली. दादरला उतरून ग्रँट रोड, तिथून चालत लॅमिंग्टन रोड. तिथली गर्दी आणि काउंटरवरची भाषा वेगळीच. माणूस मॉडेलचं नाव अर्ध्यात तोडून आकडा सांगतो, तुम्ही मान हलवलीत तर बिल, नाहीतर पुढचा. चौथ्या दुकानात प्रोसेसर मिळाला, सीलबंद, शेवटच्या दोन नगांपैकी एक. कार्डही तिथेच पाहिलं; नाशकापेक्षा अकराशेने स्वस्त. तरी कार्ड नाशकातच घेतलं. अकराशेसाठी, काही झालं तर वॉरंटीच्या चकरा मुंबईला कोण मारणार?

एका काउंटरवर जुनं आरटीएक्स ३०८० दाखवलं, "एकदम क्लीन पीस". १० जीबी, ३२० वॉट. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं तेव्हा अशी कार्डं बाजारात ढिगाने आली. पंख्याला बोट लावलं तर तो डगडगत होता. बॅकप्लेटच्या स्क्रूंची डोकी घासलेली. मी थँक्यू म्हटलं आणि वडापाव खायला गेलो.

प्रोसेसर बदलायच्या आधी बोर्डाचं बायोस, म्हणजे त्याच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर, नवं करावं लागतं, आणि ते जुना प्रोसेसर बसलेला असतानाच. हे उलट केलं की नवा प्रोसेसर बोर्ड ओळखत नाही आणि काळ्या पडद्याकडे बघत बसावं लागतं. बायोस चढत असताना लाइट गेली तर बोर्डाची नुसती वीट, निकामी. त्या आठवड्यात परतीचा पाऊस, रोज संध्याकाळी विजा. मी पहाटे साडेपाचला उठून, यूपीएसवर एकटा सीपीयू ठेवून ते काम उरकलं. चार मिनिटं लागली. त्या चार मिनिटांत आईने देवघरात घंटा वाजवली, ती मी शकुन धरली.

मॉनिटर घेताना यावेळी आधी पाठ बघितली. स्वस्तातले १०० हर्ट्झचे बरेच मॉनिटर एक एचडीएमआय आणि एक व्हीजीए एवढ्यावर भागवतात. माझ्या कार्डाला एचडीएमआय एकच. डिस्प्लेपोर्टचं एचडीएमआय करणारा साधा जोड चालतो, पण जोडांवरचा माझा विश्वास उडाला होता. हजार रुपये जास्त देऊन डिस्प्लेपोर्टवाले तीन घेतले. मेव्हण्याचे दोन त्याला साभार परत.

मग टेबल. आमचं टेबल चार फुटी, १२२ सेंटीमीटर. २४ इंची मॉनिटर कडेसकट ५४ सेंटीमीटर रुंद. सरळ ओळीत तीन ठेवले तर १६२. पण सरळ ठेवायचेच नसतात. डोळ्यापासून पडदा ६० सेंटीमीटरवर असेल तर ५३ सेंटीमीटरचं चित्र डोळ्याला सुमारे ४८ अंशांत दिसतं. बाजूचे पडदे तेवढेच वळवायचे, म्हणजे तिन्ही मिळून जवळजवळ १४४ अंशांची खिडकी होते. असे वळवल्यावर रुंदी १२६वर आली. दोन्हीकडे दोन-दोन सेंटीमीटर बाहेर, चालतंय. बाजारातले तीन हातांचे स्टँड मात्र मॉनिटर पुढे झुकवतात. कारखान्याजवळच्या एका फॅब्रिकेटरकडे चौकोनी पाइपचा स्टँड वेल्डिंग करून घेतला. मॉनिटरच्या पाठीवर चार भोकं असतात, १०० बाय १०० मिलिमीटरवर, एम४ स्क्रूची. त्याला मी ड्रॉइंग दिलं तर तो म्हणाला, "साहेब, टीव्हीला कोण टॉलरन्स देतं?" पण भोकं अचूक पडली.

कार्ड बसवायला दहा मिनिटं. एएमडीच्या सॉफ्टवेअरमधून तिन्हीचा एक लांब पडदा केला आणि गेमच्या मल्टी-मॉनिटर फाइलमध्ये बाजूच्या दोन्ही खिडक्यांना ४८ अंश वळण दिलं. हे न करता नुसता लांब पडदा दिला तर गेम एकाच कॅमेऱ्याने सगळं ओढून बसवतो आणि कडेचे ट्रक रबरासारखे ताणले जातात. पहिल्यांदा मी चिन्ह उलटं टाकलं आणि डाव्या खिडकीत उजवीकडचं रान दिसायला लागलं. ते सुधारलं. मग पॅरिस. ६६, ६८, कधी ७२. कार्डावरचा भार ८५च्या वर. दोघंही कामाला लागले होते. आरसे पुन्हा एक पायरी वर केले, चार फ्रेम गेल्या, जाऊ दिल्या. तक्रार एकच: विंडोजमध्ये कुठलीही खिडकी मोठी केली की ती तिन्ही पडद्यांवर पसरते, एक्सेलची शीट भिंतभर होते. खेळून झालं की लांब पडदा मोडावा लागतो.

काका पाडव्याला आले. मी यावेळी ब्रिटनमध्ये गाडी काढून ठेवली होती, उजव्या हाताचं स्टिअरिंग असलेली, म्हणजे रस्त्याची उलटी बाजू शिकवायला नको. ते बसले. मान डावीकडे वळवली. आरसा. उजवीकडे वळवली. आरसा. काही बोलले नाहीत, गिअर टाकला. डोव्हरच्या गोदामात ट्रेलर मागे घ्यायचा होता. मधल्या आणि उजव्या पडद्यांच्या काळ्या कडा जिथे मिळतात तिथे एक जाड उभी पट्टी दिसते. मला ती पहिल्या दिवसापासून खुपत होती. काकांनी त्या पट्टीच्या पलीकडे बघायला खुर्चीतल्या खुर्चीत अंग पुढे काढलं, मान तिरकी केली, जशी टाटाच्या केबिनमध्ये काचेशेजारच्या खांबापलीकडे बघायला काढत असत. चित्र अर्थातच सरकलं नाही. तरी त्यांनी एका दमात ट्रेलर धक्क्याला लावला.

"माल काय होता?"

"बटाटे. बावीस टन."

"भाडं?"

मी युरोतला आकडा वाचून दाखवला. काकांनी तो रुपयात करून घेतला, जरा वेळ विचार केला.

"परतीचं काय? का रिकामी आणायची?"